सूर मधेच तुटू नये म्हणून

गणपतीचे दहा दिवस आणि त्यामागोमाग येणारी नवरात्र म्हणजे वाद्यवृंदातल्या कलावंतांची सुगी. मंडपासमोर खुर्च्या मांडलेल्या असतात, निवेदक दोन-चार विनोद करून घेतो, गायिका पदर सावरत माईकसमोर येते आणि गिटारच्या पहिल्या झंकारालाच टाळ्या पडतात. प्रेक्षकांचे लक्ष गायिकेकडे असते, फार तर गिटारवाल्याच्या बोटांकडे. त्याच्या पायाशी काय मांडून ठेवले आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. तिथे साबणाच्या डबीएवढी पाच-सहा रंगीत यंत्रे एका फळीवर ओळीने बसवलेली असतात. त्यांना पेडल म्हणतात. पायाने बटण दाबले की एकाने आवाज खरखरीत होतो, दुसऱ्याने तो घुमतो, तिसऱ्याने त्याचा डोंगरात उमटावा तसा प्रतिध्वनी येतो. या साऱ्याला मिळून वादक 'इफेक्ट' म्हणतात. त्यात आता कॉर्डलेस यंत्रणेची भर पडली आहे. तिच्यामुळे वादकाला वायरचे दावे गळ्यात न बांधता रंगमंचभर फिरता येते.

हे सगळे चालते तेव्हा जादू वाटते आणि बंद पडते तेव्हा वादकाच्या पायाखालची जमीन सरकते.

डोंबिवलीला राहणारे एक गिटारवादक पंचवीस वर्षे हे काम करीत आहेत. दिवसा ते एका कार्यालयात हिशेब तपासतात आणि संध्याकाळी कार्यक्रम असला की लोकल पकडून निघतात. त्यांच्या घरात दाराशेजारी एक काळी बॅग कायम भरलेली असते. तिच्यात दोन जादा केबल, तारांचा एक संच, नऊ व्होल्टचे चार सेल, चिकटपट्टी, छोटा टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर आणि एक जुना फडका एवढे सामान असते. त्यांच्या पत्नी या बॅगेला बाळंतपणाची बॅग म्हणतात. वेळ कधी येईल सांगता येत नाही आणि आली की शोधाशोध करायला सवड नसते, म्हणून.

"अहो, गिटार वाजवायला निघालात की घर बांधायला?" असे त्या एकदा म्हणाल्या होत्या.

"वाजवणं माझ्या हातात आहे," ते म्हणाले, "बाकीचं सगळं या बॅगेत आहे."

यात थट्टेचा भाग थोडा आणि अनुभवाचा भाग जास्त आहे. गिटार चार मिनिटे बंद पडली तर काय मोठे बिघडते, असे घरी बसून वाटू शकते. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, तेव्हापासून वर्षातले मोजके दिवस सोडले तर उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावे लागतात. सुरुवातीला गेलेली चार मिनिटे शेवटच्या गाण्यातून वजा होतात, आणि लोक ज्या गाण्यासाठी थांबलेले असतात ते बहुधा शेवटचेच असते. पुढच्या वर्षी मंडळाने याच वाद्यवृंदाला बोलवायचे की दुसऱ्याला, याचा निर्णय अशा चार मिनिटांवरही होतो. ज्याचे पोट हंगामावर आहे, त्याला ही बाब लहान वाटत नाही.

बिघाडातून जन्मलेला आवाज

गंमत अशी की, गिटारच्या ज्या आवाजासाठी ही यंत्रे पायाशी मांडली जातात, त्यातला एक फार लोकप्रिय आवाज मुळात बिघाडातून जन्माला आला. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाचे 'डोन्ट वरी' हे गाणे ध्वनिमुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिन हे वादक बेस गिटारवर साथ करीत होते. त्या वेळी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातला एक भाग बिघडला आणि त्यांच्या वाद्याचा आवाज फाटका, गुरगुरणारा येऊ लागला. खरे तर तो तुकडा पुन्हा वाजवून घ्यायचा. पण तो तसाच ठेवण्यात आला, आणि १९६१ साली गाणे बाहेर पडल्यावर लोकांना तो फाटका सूरच आवडला.

ध्वनिमुद्रण करणारे ग्लेन स्नॉडी यांनी मग तसाच आवाज मुद्दाम काढणारे सर्किट तयार केले. गिब्सन कंपनीने ते 'मेस्ट्रो फज-टोन' या नावाने १९६२ मध्ये बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात तो आवाज वापरला आणि जगभरच्या तरुण वादकांना या डबीचे वेड लागले.

तेव्हापासून वादकाची मागणी एकच आहे. आवाज बिघडलेला हवा, पण यंत्र बिघडता कामा नये. ही मागणी दिसते तितकी सोपी नाही. सुरुवातीच्या फज पेडलमध्ये जर्मेनियम धातूचे ट्रान्झिस्टर असत आणि ते उष्णतेला फार हळवे. थंड खोलीत गोड वाजणारी डबी उन्हात तापली की तिचा सूर बदले. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले आणि हा त्रास बराच कमी झाला. तरीही जर्मेनियमच्या आवाजाची गोडी असलेले वादक आजही आहेत. मात्र मे महिन्यात भर दुपारी उघड्या मैदानावर साऊंड चेक करायचा असेल तर ते अशी डबी सावलीत ठेवतात.

स्टुडिओत बिघाड झाला तर तो शोधही ठरू शकतो, कारण तिथे पुन्हा वाजवायची मुभा असते. रंगमंचावर ती मुभा नसते. तिथला क्षण गेला की गेला.

साखळीचे गणित

महागातले यंत्र घेतले म्हणजे भरवसा मिळाला, असा अनेकांचा समज असतो. बॉस कंपनीची छोटी पेडल १९७७ पासून निघत आहेत आणि पायाने वर्षानुवर्षे तुडवूनही चालत राहतात, अशी त्यांची ख्याती आहे. हे खरे आहे. पण रंगमंचावर डबी क्वचितच मरते. दगा देतो तो दोन डब्यांच्या मधला सांधा.

हिशेब तपासणाऱ्या या वादकांनी आपल्या मुलीला एकदा कागदावर आकडे मांडून दाखवले होते. तिला गिटारचा नाद लागला आहे आणि ती पुण्याच्या कॉलेजातल्या बँडमध्ये वाजवते. बँडमधल्या मित्राकडे बारा पेडल आहेत, हे ती कौतुकाने सांगत होती.

"बारांतली वाजवतो किती?" वडिलांनी विचारले.

"चार... पाच असतील बाबा."

मग त्यांनी पेन्सिल काढली. सहा पेडल एकामागे एक जोडली तर गिटारपासून अॅम्पपर्यंत सात केबल लागतात. प्रत्येक केबलला दोन टोके, म्हणजे चौदा पिना. शिवाय प्रत्येक पेडलला वीज देणारी एक पिन, म्हणजे आणखी सहा. एकूण वीस सांधे झाले. समजा, प्रत्येक सांधा शंभरांतल्या नव्याण्णव कार्यक्रमांत नीट चालतो. कुणालाही हा आकडा उत्तम वाटेल. पण वीसच्या वीस सांधे एकाच रात्री नीट चालण्याची शक्यता शंभरात सुमारे ब्याऐंशी येते. म्हणजे शंभर कार्यक्रमांपैकी अठरांत कुठे ना कुठे काही तरी निसटणार. तेच सांधे दहावर आणले तर अठराच्या जागी दहा उरतात. नवे काहीही विकत न घेता भरवसा वाढवायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

"म्हणजे कमी पेडल घ्यायची?" मुलीने विचारले.

"घे हवी तितकी. पण न लागणारी स्टेजवर नेऊ नकोस."

विजेचेही तसेच. बहुतेक पेडल नऊ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. पण काहींना बारा किंवा अठरा व्होल्ट लागतात, काहींची पिन उलटी असते. अंधारात घाईघाईने चुकीचा अॅडॉप्टर खुपसला तर डबी जळूही शकते. म्हणून या घरातल्या अॅडॉप्टरांवर नेलपॉलिशचे ठिपके आहेत. लाल ठिपका नऊ व्होल्टला आणि पांढरा बाराला. बाटल्या अर्थातच पत्नीच्या कपाटातून नाहीशा झाल्या होत्या आणि त्यावरून दोन दिवस बोलणीही बसली होती.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना ठाऊक नसते. काही पेडल बंद ठेवली तरी गिटारचा आवाज त्यांच्या सर्किटमधूनच पुढे जातो. अशा पेडलची वीज गेली की ते वापरात नसले तरी पुढचा सारा आवाज अडवून धरते. काही पेडलमध्ये मात्र बटणाने आवाजाला सरळ वाट करून दिलेली असते. ती मेली तरी इफेक्ट तेवढा जातो, गिटार वाजत राहते. आपल्या फळीवर कोणते पेडल कोणत्या जातीचे आहे, हे घरी एकेकाची वीज काढून पाहिले की पाच मिनिटांत कळते. कार्यक्रमात ते कळायला पाच मिनिटे फार होतात.

यावर उपाय म्हणून हल्ली सगळे इफेक्ट एकाच पेटीत देणारी डिजिटल यंत्रे निघाली आहेत. सांधे एकदम कमी होतात, हा त्यांचा मोठा गुण. पण त्यांचे आपले एक दुखणे आहे. आपल्याकडे मैदानावरच्या कार्यक्रमात वीज जाते आणि जनरेटर सुरू होतो. मधे एखादाच क्षण जातो. साधे पेडल वीज येताच पुन्हा बोलू लागते. डिजिटल पेटी मात्र संगणकासारखी पहिल्यापासून जागी होते. तिला काही सेकंद लागतात, काहींना बरेच जास्त. तोपर्यंत गायिका अंतऱ्यावर पोहोचलेली असते. म्हणून जाणते वादक अशा पेटीसाठी लहानसा यूपीएस जवळ ठेवतात.

वायर तोडली तेव्हा

आता कॉर्डलेसची गोष्ट. वायर नको, असे वादकांना वाटू लागले ते केवळ नाचायला मिळावे म्हणून नाही. वायरने माणसे मेली आहेत. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचे गिटारवादक लेस हार्वे यांनी रंगमंचावर, हातात गिटार असताना, अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने त्यांचा मृत्यू झाला.

कारण समजायला कठीण नाही. गिटारच्या तारा केबल आणि अॅम्पमार्फत जमिनीशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नीट नसलेल्या दुसऱ्या यंत्रातून माईकच्या धातूत वीज उतरली असेल, तर एक हात तारांवर आणि दुसरा हात किंवा ओठ माईकवर टेकताच वीज माणसातून वाट काढते.

डोंबिवलीचे हे वादक टेस्टर बाळगतात तो याचसाठी. एका तालुक्याच्या गावी कार्यक्रम होता. गर्दी जमली होती, निवेदकाने घसा साफ केला होता. यांनी सवयीने गाण्याच्या माईकच्या जाळीला टेस्टर टेकवला आणि टेस्टरचा दिवा लागला. त्यांनी गिटार खाली ठेवली.

आयोजक चिडले. "मास्तर, लोक केव्हाचे बसलेत! जरा सांभाळून वाजवा ना."

"साहेब, गाणारी मुलगी माझ्या पोरीच्या वयाची आहे. अर्थिंग झाल्याशिवाय ती माईकला तोंड लावणार नाही."

वाद्यवृंदाचे मालक मधे पडले. बिदागी कापली जाईल म्हणून ते हवालदिल झाले होते. पण यांनी गिटार उचलली नाही. शेवटी मंडपवाल्याचा वायरमन आला. त्याने जमिनीत सळई ठोकली, पाणी ओतले, वायर बांधली, एक सैल जोड सापडला तो आवळला. टेस्टर पुन्हा टेकवला, दिवा लागला नाही. पंचवीस मिनिटे गेली होती. तीन गाणी कमी झाली आणि बिदागीतले थोडे पैसेही. त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी हे सगळे पत्नीला सांगितले, तेव्हा त्यांनी नेलपॉलिशवरून पुन्हा कधी बोलायचे नाही असे ठरवले.

अमेरिकेत 'किस' या बँडच्या बाबतीत थोडक्यात निभावले. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लॉरिडातल्या लेकलँड इथे त्यांचे गिटारवादक एस फ्रेली यांचा हात रंगमंचावरच्या लोखंडी कठड्याला लागला आणि त्यांना जबर धक्का बसला. ते वाचले. त्यानंतर या बँडने केन शॅफर यांनी बनवलेली बिनतारी यंत्रणा वापरायला घेतली. गिटार आणि अॅम्प यांच्यामधली वायरच नाहीशी झाल्यावर विजेला वादकाच्या तारांतून जायची ती वाट उरली नाही. अर्थात म्हणून अर्थिंगला सुट्टी मिळत नाही, कारण हात अॅम्पला आणि इतर यंत्रांनाही लागतोच.

शॅफर यांच्यापुढे प्रश्न होता तो आवाज मधेच तुटण्याचा. रेडिओलहरी सरळही येतात आणि भिंतीवर, लोखंडावर आपटूनही येतात. दोन्ही वाटांनी आलेल्या लहरी एका ठिकाणी परस्परविरुद्ध भेटल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात आणि तिथे आवाज नाहीसा होतो. वादक दोन पावले सरकला की पुन्हा येतो. यावर उपाय म्हणजे ग्रहण करणाऱ्या यंत्राला एकाऐवजी दोन अँटेना. एकीला मिळाले नाही तर दुसरीला मिळते, आणि यंत्र त्या क्षणी जे चांगले ते उचलते. दोन डोळे असले की एकापुढे आड आले तरी दिसत राहते, तसेच हे. आजच्या चांगल्या कॉर्डलेस यंत्रणाही याच तत्त्वावर चालतात.

शॅफर यांच्या यंत्राने आणखी एक अनपेक्षित गोष्ट केली. खरखर कमी करण्यासाठी ते आवाज दाबून पाठवी आणि पलीकडे पुन्हा फुलवी. या दाबण्या-फुलवण्यात आवाजाला एक धार येई. 'एसी/डीसी' बँडच्या अँगस यंग यांना ती इतकी आवडली की, स्टुडिओत वायर वापरायला काहीच अडचण नसताना १९८० च्या 'बॅक इन ब्लॅक' या अल्बमसाठी त्यांनी हेच यंत्र वापरले. ज्या कामासाठी वस्तू घ्यावी ते ती करतेच, पण न मागितलेले काही तरी हातावर ठेवते, असे संगीतात पुष्कळदा घडते.

भरलेले मैदान

डोंबिवलीच्या मुलीने साठवलेल्या पैशांतून एक छोटी कॉर्डलेस जोडी घेतली. एक तुकडा गिटारला, दुसरा अॅम्पला. बोटभर लांबीचे हे तुकडे २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालतात. या पट्ट्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणून वस्तू स्वस्त मिळते. परवाना लागत नाही म्हणूनच वाय-फाय आणि ब्लूटूथही याच रस्त्याने ये-जा करतात.

कॉलेजच्या महोत्सवात तिच्या बँडचा कार्यक्रम उघड्या मैदानावर होता. दुपारी साऊंड चेक झाला. ती रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली, खाली उतरून मैदानाच्या मध्यापर्यंत जाऊन आली. एकदाही आवाज तुटला नाही. संध्याकाळी मैदान भरले. जो तो मोबाईल उंच धरून उभा. दुसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर ती पुढे आली आणि गिटार गप्प झाली. एक क्षण आवाज आला, पुन्हा गेला.

वडिलांच्या हट्टाखातर तिने अॅम्पला टेकून एक साधी केबल गुंडाळून ठेवली होती. तिला ती तिथे ठेवायचीही लाज वाटत होती. ड्रमवाल्या मुलाने तिच्याकडे पाहिले, मान हलवली आणि ताल तसाच धरून ठेवला. बेसवाल्याने तीच ओळ पुन्हा घेतली. तिने केबल उचलली, दोन्ही टोके खोचली आणि आवाज परत आला. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. समोरच्यांना वाटले, गाण्यात तेवढी जागा मुद्दाम ठेवली आहे. पण गाणाऱ्या मैत्रिणीचे हात थंड पडले होते, हे मागाहून कळले. गिटारचा सूर ऐकूनच ती पट्टी धरीत होती.

रात्री तिने फोन केला. "बाबा, दुपारी तर एकदम नीट चालत होतं हो!"

"अगं, दुपारी मैदान रिकामं होतं."

खरे कारण त्या एका वाक्यात होते. माणसाच्या शरीरात बरेचसे पाणी असते आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते शोषून घेते. वादक आणि अॅम्प यांच्यामध्ये तिचे स्वतःचे शरीर आले तरी फरक पडतो. त्यातून अॅम्प जमिनीवर मागे, कोपऱ्यात. आणि समोर शेकडो मोबाईल, त्यांतली कितीतरी वाय-फाय आणि ब्लूटूथ चालू असलेली. दुपारी रिकामा असलेला रस्ता संध्याकाळी बाजाराच्या दिवसासारखा गजबजला होता. दोष वस्तूचाच होता असेही नाही. घरात, छोट्या हॉलमध्ये ती उत्तम चालते. ज्या परीक्षेत ती उतरली ती परीक्षाच सोपी होती.

मोठ्या कार्यक्रमात वापरतात त्या महागड्या यंत्रणा बहुधा याहून खालच्या, यूएचएफ पट्ट्यात चालतात. तिथे लहरी शरीराला वळसा घालून जाण्यात बऱ्या असतात. पण तिथलीही जागा आता आकसत आहे. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१० मध्ये आणि ६०० मेगाहर्ट्झचा मोठा भाग २०२० पर्यंत कॉर्डलेस माईकवाल्यांना सोडावा लागला, कारण तो मोबाईल सेवेकडे गेला. आपल्याकडेही २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जी सेवेसाठी विकला गेला. ज्यांच्याकडे त्या पट्ट्यातले जुने सेट आहेत, त्यांनी ते कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतात हे मागच्या बाजूला छापलेले वाचून घेतलेले बरे. काल चाललेली वस्तू आज का अडते, याचे उत्तर कधी कधी वस्तूत नसते, तिच्याभोवतीच्या हवेत असते.

एकाच रंगमंचावर चार-पाच कॉर्डलेस असले तर त्यांचे आपसांतही जमावे लागते. ५००, ५०१ आणि ५०२ मेगाहर्ट्झ अशी समान अंतरे नीटनेटकी दिसतात, पण पहिल्या दोघांच्या मिसळण्यातून नेमकी ५०२ वर भुताची लहर उभी राहते आणि तिसऱ्याला छळते. म्हणून अंतरे मुद्दाम विषम ठेवतात. साऊंडवाल्याला आधी विचारून फ्रिक्वेन्सी ठरवली तर हा घोळ होत नाही. पण विचारण्यात कमीपणा वाटतो, आणि कार्यक्रम कमीपणापायी बुडतो.

हे बंद पडले तर?

त्या महोत्सवानंतर मुलगी सुट्टीत घरी आली तेव्हा तिने वडिलांबरोबर बसून आपले सगळे सामान जमिनीवर मांडले. वडिलांची रीत साधी आहे. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, हे बंद पडले तर काय? उत्तर दहा सेकंदांत करता येण्याजोगे असेल तर वस्तू ठेवायची. नसेल तर उत्तर तयार करायचे, नाही तर वस्तू घरी ठेवायची. कॉर्डलेस बंद पडले तर केबल. पेडलची फळी बंद पडली तर गिटार सरळ अॅम्पला. अॅम्प बंद पडला तर डीआय बॉक्समधून सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरला. तार तुटली तर दुसरी गिटार, आणि ती नसेल तर उरलेल्या पाच तारांवर ते गाणे घरी एकदा वाजवून पाहिलेले असावे.

सेलचा नियमही असाच. कार्यक्रमाला नवे सेल घालायचे, मागच्या वेळचे किती उरले असतील याचा अंदाज करीत बसायचे नाही. अर्धे वापरलेले सेल वाया जात नाहीत. ते घरातल्या घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये जातात. या घरात सेल विकत आणल्याचे कुणाला आठवत नाही.

केबल गुंडाळण्याचा धडा मात्र आईने दिला. मुलगी ती कोपरावर पीळ देऊन गुंडाळत होती. "अगं, साडी कशी जुन्याच घडीवर मोडतो? तशी तिच्या तिच्या वळणानं जाऊ दे," आई म्हणाली. वडील हसले, कारण साऊंडवालेही हेच सांगतात. पीळ पडत गेला की केबलच्या आतली तार हळूहळू तुटते. वरून काही दिसत नाही.

मुलीने कॉर्डलेस विकून टाकले नाही. छोट्या जागी ती ते अजून वापरते, मोठ्या मैदानावर केबल लावते आणि आता तिला त्याची लाज वाटत नाही. तिच्याही दाराशी एक भरलेली बॅग असते. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत दुसऱ्या कॉलेजच्या मुलाची केबल ऐन वेळी गेली. तो रंगमंचाच्या कडेला रडवेला होऊन उभा होता. तिने आपली जादा केबल काढून त्याच्या हातात ठेवली. त्याच्या बँडला दुसरे बक्षीस मिळाले, तिच्या बँडला काहीच नाही. गडबडीत केबल परत मिळाली नाही.

हे सांगताना ती जरा ओशाळली होती. केबल चांगली होती, वडिलांनी दिलेली होती.

"वाजली ना त्याची गिटार?" वडिलांनी विचारले.

"वाजली."

"मग केबल कामाला आली म्हणायची," असे म्हणत ते उठले. आपल्या बॅगेतली एक केबल काढून, दोन्ही टोके फडक्याने पुसून, त्यांनी ती तिच्या बॅगेत ठेवली.